रस्त्यावरून वायर नेताना: एकोणीस फुटांचा हिशेब

गेल्या गळीत हंगामात आमच्या गटाचं मसाला कांडप मशीन नऊ दिवस बंद होतं. मिरची मिळाली नाही म्हणून नाही, की कर्जाचा हप्ता थकला म्हणूनही नाही. रस्त्यावरून नेलेली आमची वायर उसाच्या ट्रॉलीत अडकली आणि तुटली. कुणाला इजा झाली नाही. पण ती वायर तिथून न्यायचं आम्हीच ठरवलं होतं. बैठकीत, ठराव लिहून, सगळ्यांच्या सह्या घेऊन. म्हणून त्यातून काय शिकलो ते सगळ्या गटांना सांगायचं कामही आमच्याच गटाने करावं, असं ग्रामसंघात ठरलं. मी गटाची सचिव, तेव्हा लिहायचं माझ्याकडे आलं.

नेमकं काय झालं

आमचं मशीन पत्र्याच्या शेडमध्ये आहे. शेड रस्त्याच्या एका बाजूला आणि गटातल्या एका ताईंचं घर दुसऱ्या बाजूला. शेडला नवीन वीजजोड घ्यायचा तर अर्ज, कागदपत्रं, पैसे, वाट बघणं. दिवाळी तोंडावर आलेली, मसाल्याच्या ऑर्डरी घेतलेल्या. मग कुणीतरी म्हणालं, "ताईंच्या मीटरवरून वायर आणू, बिल गट भरेल." सगळ्यांना पटलं.

गावातल्याच एका पोराने अर्ध्या दिवसात काम केलं. घराच्या स्लॅबवर एक पाईप बांधला, शेडच्या भिंतीत एक अँगल ठोकला आणि मधे रस्त्यावरून काळी वायर ताणली. खालून बघितलं तर वायर बरीच उंच वाटत होती. मोटारसायकल जाते, जीप जाते, दुधाचा टेम्पो जातो. आणखी काय पाहिजे?

दोन महिने काही झालं नाही. मग उसाचा हंगाम भरात आला. एका सकाळी भरलेली ट्रॉली वळणावरून आली. वरच्या थरातला ऊस थोडा उभा राहिला होता, त्यात वायर अडकली. ड्रायव्हरला कळलंच नाही. ट्रॅक्टर पुढे गेला, शेडचा अँगल विटांसकट उपटला आणि वायर तुटून तिचं टोक रस्त्यावर पडून ठिणग्या टाकायला लागलं. फ्यूज उडायला हवा होता, पण मशीन सुरू करताना तो सारखा उडतो म्हणून आम्हीच त्यात जाड तार घातलेली. शाळेची वेळ होती. पोरं येत होती. ताईंच्या सासूबाईंनी पळत जाऊन मेन स्विच बंद केला, म्हणून पुढचं सगळं टळलं.

ड्रायव्हरला आम्ही बोललो तेव्हा तो म्हणाला, "ताई, मागं बघू, पुढं बघू का वर बघू?" त्याचं खोटं नव्हतं.

पण आमची झोप उडाली ती दुसऱ्याच गोष्टीने. चारच दिवसांपूर्वी याच रस्त्याने ऊसतोडीची एक टोळी मुक्काम हलवून गेली होती. ट्रॉलीत संसार भरलेला. गाठोडी, पत्रे, सरपण, भांडी. आणि त्या सगळ्याच्या वर बसलेल्या दोन बाया आणि पोरं. उसाच्या जागी त्या असत्या तर? वायर त्यांच्या गळ्याच्या उंचीवर आली असती. रस्त्यावरची वायर आपल्याला खालून दिसते म्हणून ती उंच वाटते. गाडीच्या वर बसलेल्याला ती समोर दिसते, आणि बऱ्याचदा दिसतही नाही. अंधारात तर नाहीच.

नियम काय सांगतो

अपघातानंतर लाईनमन आले, त्यांनी वर बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "रस्त्याच्या मधोमध उंची किती होती?" आमच्यापैकी एकीलाही सांगता आलं नाही.

विजेच्या सुरक्षेचे नियम आपल्या देशात १९५६ च्याही आधीपासून आहेत. आता ते केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या नावाने निघतात. त्यांत रस्त्यावरच्या तारांची कमीत कमी उंची ठरवून दिलेली आहे. आपल्या कामाचे आकडे असे:

घरगुती किंवा छोट्या मशीनची वीज, म्हणजे ६५० व्होल्टच्या आतली, रस्ता आडवा ओलांडत असेल तर ५.८ मीटर, म्हणजे १९ फूट.

हीच लाईन रस्त्याच्या कडेकडेने जात असेल तर ५.५ मीटर, म्हणजे १८ फूट.

११ केव्हीसारखी मोठी लाईन रस्ता ओलांडत असेल तर ६.१ मीटर, म्हणजे २० फूट. रस्त्याच्या कडेने जात असेल तर ५.८ मीटर.

या नियमातले दोन शब्द आपण लक्षात ठेवायचे. पहिला म्हणजे "सर्व्हिस लाईनसह". खांबावरून घरात येणारी साधी सर्व्हिस वायर रस्ता ओलांडत असेल तर तिलाही १९ फूट लागू आहेत. "ही काय मोठी लाईन नाही" असं म्हणून सुटका नाही. दुसरा म्हणजे "कोणत्याही भागात". वायर खांबाजवळ १९ फूट आहे, घराजवळ १९ फूट आहे, एवढं पुरत नाही. मधे जिथे ती सगळ्यांत खाली आलेली असते, तिथे १९ फूट पाहिजेत.

वायरवर प्लॅस्टिकचं आवरण आहे म्हणून रस्त्यावर उंची कमी चालते, असंही नाही. आवरण उन्हाने कडक होतं, तडकतं. झाडाची फांदी घासून ते सोललं जातं. आणि गाडीत अडकून ओढली गेली की आवरण असलेली वायरही तुटतेच.

आमची वायर किती उंच होती? नंतर मोजलं. स्लॅबवरच्या पाईपचं टोक १५ फूट, शेडचा अँगल १४ फूट. रस्त्याच्या मधे ती १३ फुटांवर आलेली. आणि भरलेल्या ट्रॉलीची उंची मोजली तर साडेतेरा फूट. म्हणजे ती अडकणारच होती. कधी अडकते एवढाच प्रश्न होता.

वायरला झोळ का पडतो

हे समजायला आपली वाळत घालायची दोरी आठवा. दोन खुंट्यांना दोरी बांधली की मधे थोडी खाली येतेच. दोन्ही खुंट्या लांब लांब असल्या तर जास्त खाली येते. वर ओली नऊवारी टाकली की आणखी खाली. मग आपण दोरी ओढून ताठ करतो. फार ताठ केली तर काय होतं? एक तर दोरी तुटते, नाहीतर खुंटी निघून येते.

वायरचंही असंच आहे. तिचं स्वतःचं वजन तिला मधे खाली ओढतं. याला झोळ म्हणतात. अंतर आणि झोळ यांचा हिशेब मात्र आपल्याला वाटतो त्यापेक्षा वेगळा आहे. ताण तेवढाच ठेवला आणि अंतर दुप्पट केलं तर झोळ दुप्पट होत नाही, चौपट होतो. दहा मीटर अंतरावर एक वीत झोळ असेल तर वीस मीटर अंतरावर चार वीत. म्हणून "तिकडं त्यांच्या वायरीला एवढा झोळ नाही, आपल्याला पण चालेल" असं म्हणता येत नाही. त्यांचं अंतर किती, आपलं किती, ते बघावं लागतं.

झोळ कायम तेवढाच राहतो असंही नाही. उन्हाळ्यात धातू तापून लांबतो, वायर खाली येते. आपण जास्त वीज वापरली तरी ती गरम होते. आणि आमच्यासारखी वायर नुसतीच ताणली असेल, तिचं वजन पेलायला दुसरी तार नसेल, तर आतली अ‍ॅल्युमिनियमची तार हळूहळू ताणली जाते. दिवाळीत टांगलेली वायर संक्रांतीला तिथेच नसते. ज्या दिवशी काम झालं त्या दिवशी बघून समाधान मानायचं नाही, ते एवढ्यासाठी.

हात न लावता उंची मोजायची

मैत्रिणींनो, एक गोष्ट आधी. वायर किती उंच आहे ते बघायला काठी, बांबू, टेप, पाईप, शिडी यातलं काहीही वर न्यायचं नाही. मोठ्या लाईनला तर स्पर्शही व्हावा लागत नाही. वस्तू नुसती जवळ गेली तरी वीज उडी मारून येते.

उंची जमिनीवर उभं राहूनच मोजायची. त्याला एक चौकोनी कागद आणि एक टेप पुरते. आमच्या गटातल्या एका ताईंच्या सातवीतल्या मुलीने ही पद्धत आम्हाला दाखवली.

कागदाच्या चारही बाजू सारख्या असल्या पाहिजेत. तो कोपऱ्यावर कोपरा ठेवून तिरपा दुमडा. त्रिकोण तयार होईल. त्याची एक छोटी बाजू जमिनीला समांतर आणि दुसरी सरळ उभी राहील असा तो डोळ्याजवळ धरा. आता जी लांब तिरपी कड आहे, तिच्यावरून वर बघायचं.

वायर रस्त्याच्या मधे जिथे सगळ्यांत खाली दिसते, त्याच्या बरोबर खाली जमिनीवर खडूने खूण करा. तिथून रस्त्याच्या लांबीने मागे मागे चालत जा आणि तिरप्या कडेवरून बघत राहा. ज्या जागी वायर बरोबर त्या कडेच्या रेषेत दिसेल, तिथे थांबा. खुणेपासून तुमच्या पायापर्यंतचं अंतर मोजा. त्यात जमिनीपासून तुमच्या डोळ्यांपर्यंतची उंची मिळवा. येईल ती वायरची उंची. मात्र रस्ता सपाट असला पाहिजे. चढ-उतारावर हा हिशेब चुकतो.

उदाहरण घेऊ. तुमच्या डोळ्यांची उंची पावणेपाच फूट आहे. मग वायर १९ फूट असायला तुम्ही खुणेपासून सव्वाचौदा फूट मागे जायला हवं. दहाच फुटांवर वायर रेषेत आली, तर तिची उंची पावणेपंधरा फूट. म्हणजे कमी आहे. एक बाई मोजेल, एक टेप धरेल आणि दोघी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाड्यांवर लक्ष ठेवतील. एकटीने रस्त्यात उभं राहून मोजायचं नाही. ही मोजणी अंदाजासाठी आहे. उंची १९ फुटांच्या आसपास आली तरी लाईनमनकडून खात्री करून घ्यायची.

वायर टांगताना काय बघायचं

वायर टांगायचं काम आपलं नाही, लायसन असलेल्या वायरमनचं आहे. खांबावर चढायचं काम तर फक्त महावितरणच्या माणसाचं. पण काम नीट झालं की नाही ते आपल्याला बघता आलं पाहिजे. शिलाई स्वतः केली नाही तरी टीप सुटलेली आपल्याला कळते ना, तसंच.

वायरचं वजन वायरने पेलायचं नसतं. तिच्यासोबत एक जाड जस्त चढवलेली लोखंडी तार ताणून बांधलेली पाहिजे. तिला जी.आय. तार म्हणतात. ओझं ती तार घेते आणि विजेची वायर तिला ठिकठिकाणी अडकवलेली असते. या जी.आय. तारेला आर्थिंग आहे का, हे विचारायचं. वायरचं आवरण फाटून वीज त्या तारेत उतरली तर आर्थिंगमुळे फ्यूज उडतो. आर्थिंग नसेल तर ती तार जिवंत होऊन बसते आणि कुणाला कळतही नाही.

रस्त्यावर, मधोमध, वायरला जोड नको. जोड हा सगळ्यांत कच्चा भाग. तो तापतो, सुटतो, आणि तिथून वायर तुटते. वायर लांबीला पुरत नसेल तर पुरेल एवढी आणायची, दोन तुकडे जोडायचे नाहीत.

दोन्ही टोकांचा आधार पक्का पाहिजे. झाड हा आधार नाही. वाऱ्यात झाड हलतं, वायरला हिसके बसतात. पत्र्याच्या शेडची कड, मातीची भिंत, झेंड्याचा पाईप, डिशचा दांडा, हेही आधार नाहीत. लोखंडी पाईपवरून वायर जात असेल तर वायर थेट लोखंडाला घासता कामा नये. मधे चिनी मातीचा इन्सुलेटर पाहिजे.

उंची दोन्ही बाजूंना लागते. गावातला साधा खांब आठ मीटरचा असतो. त्यातला साधारण दीड मीटर जमिनीत जातो. वर राहतो साडेसहा मीटर, म्हणजे २१ फूट. तिकडून वायर उंच निघते, पण आपल्या घराकडे ती दहा-बारा फुटांवर उतरते, आणि मधे १९ फूट राहत नाहीत. म्हणून घर रस्त्यापलीकडे असेल तर योग्य उपाय एकच. आपल्या बाजूला आणखी एक खांब. रस्ता खांबावरून खांबावर ओलांडायचा आणि मग खाली उतरायचं.

दुसरा उपाय म्हणजे जमिनीखालून, रस्त्यात पाईप टाकून त्यातून केबल नेणं. पण रस्ता खोदायला ज्याचा रस्ता त्याची परवानगी लागते. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद किंवा सार्वजनिक बांधकाम विभाग. रस्ता कुणाचा ते ग्रामसेवकांना विचारलं की कळतं.

आणि फ्यूज. त्यात ठरलेलीच तार घालायची. फ्यूज सारखा उडत असेल तर तो आपल्याला काहीतरी सांगत असतो. त्याचं तोंड जाड तारेने बंद करायचं नाही. त्याच्या जोडीला आरसीसीबी नावाचं बटण बसवून घ्यावं. ३० मिलिअ‍ॅम्पिअरचं मागायचं. वीज भलत्या वाटेने, म्हणजे माणसाच्या अंगातून किंवा ओल्या जमिनीतून जायला लागली की ते क्षणात बंद होतं.

एका मीटरवरून दुसरीकडे वीज

आमची मोठी चूक उंचीच्याही आधी झाली होती. घराच्या मीटरवरची वीज आम्ही रस्त्यापलीकडच्या शेडला नेली. आम्हाला वाटलं, बिल भरतोय ना, मग चोरी कुठे? आकडा थोडाच टाकलाय?

चोरी नाही हे खरं. पण २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १२६ प्रमाणे ज्या जागेसाठी जोड मंजूर आहे ती सोडून दुसऱ्या जागेसाठी वीज वापरणं हा अनधिकृत वापर आहे. त्याचं वाढीव बिल लागतं. शिवाय घरगुती जोडावर धंद्याचं मशीन चालवणं हेही त्यातच येतं. म्हणजे वायर तुटली नसती तरी आम्ही अडचणीत होतो, आणि आमच्याबरोबर त्या ताईही. मीटर त्यांच्या घराच्या नावावर. विश्वासाने त्यांनी वीज दिली, आणि अपघात झाला असता तर पहिलं नाव त्यांचं आलं असतं. बचत गटात आपण एकमेकींना जामीन राहतो. पण असल्या जामिनात कुणाला अडकवायचं नाही.

तेव्हा शेड, दुकान, गिरणी, जे काही असेल, त्या जागेच्या नावाने स्वतंत्र जोड घ्यायचा. जत्रेतला स्टॉल, प्रदर्शन, गटाच्या मेळाव्याचा मांडव यासाठी तात्पुरता जोड मिळतो, तो घ्यायचा. आणि प्रकल्पाचं अंदाजपत्रक करताना मशीन, शेड, कच्चा माल यांच्यासोबत वीजजोडाचा खर्च आणि त्याला लागणारे दिवस सुरुवातीलाच धरायचे. आम्ही तो धरला नाही, म्हणून ऐनवेळी वायर टांगायची पाळी आली.

गाड्या जिथे उभ्या राहतात तिथे

रस्ता ओलांडणाऱ्या वायरीइतकीच धोक्याची दुसरी जागा म्हणजे गाड्या भरायच्या आणि रिकाम्या करायच्या जागा. दूध संकलन केंद्राचं आवार, गोदामाचं अंगण, वजनकाटा, खळं, वीटभट्टी. इथे गाडी चालताना जेवढी उंच असते त्यापेक्षा कितीतरी उंच होते. ट्रॉली मागे कलते तेव्हा तिची पुढची कड वर जाते. मळणी यंत्राचं तोंड, बोअरची गाडी, क्रेन, हे सगळं वर उचललं जातं. कडब्याच्या गाडीवर माणूस उभा राहून थर रचतो, त्याच्या हातात वर दोरी असते.

म्हणून डोक्यावर लाईन असेल तिथे माल उतरायचा नाही, ट्रॉली कलती करायची नाही, कडब्याची गंजी लावायची नाही. गंजी दर वर्षी थोडी उंच होत जाते, आणि एक दिवस तिच्यावर चढलेला माणूस लाईनपर्यंत पोहोचतो. शेड नवीन बांधायचं असेल तर आधी वर बघा. घरगुती लाईन छपरावरून जात असेल तर छपरापासून अडीच मीटर आणि भिंतीपासून आडवं १.२ मीटर अंतर लागतं. ११ केव्हीची लाईन असेल तर छपरापासून ३.७ मीटर. गटाच्या नावाने जागा बघायला जाल तेव्हा पाणी, रस्ता, कागदपत्रं बघता, तशी लाईनही बघा.

आवाराच्या वाटेवर लाईन असेलच आणि ती लगेच हलणार नसेल, तर लाईनच्या अलीकडे आणि पलीकडे, थोडं अंतर सोडून, दोन खांबांवर आडवा दांडा लावायचा. फुटबॉलच्या गोलासारखा. उंची लाईनपेक्षा बरीच कमी. जास्त उंचीची गाडी आली तर आधी दांड्याला लागेल, ड्रायव्हर थांबेल. हा दांडा लाईनमनला विचारून, लाईनपासून लांबच उभा करायचा. आडवा दांडा लावताना तोच लाईनला लागायला नको.

वायर अडकलीच तर

हा भाग बैठकीत मोठ्याने वाचा. पोरांनाही ऐकू द्या.

गाडीला वायर लागली तर गाडीतल्या माणसाने आतच बसून राहायचं. वायर अडकलेली नसेल आणि गाडी मागे घेऊन सुटत असेल तर तेवढं करायचं. नाहीतर वीज बंद झाल्याचं कळेपर्यंत हलायचं नाही. बाकीच्यांनी गाडीपासून दहा मीटर, म्हणजे साधारण पंधरा पावलं लांब राहायचं. गाडीला हात लावून "उतर, उतर" म्हणायला जायचं नाही. आपण जमिनीवर उभ्या असतो, म्हणून गाडीला हात लावला की वीज आपल्यातून जाते.

गाडीने पेट घेतला तरच उतरायचं. तेव्हा दोन्ही पाय जोडून उडी मारायची. गाडीला आणि जमिनीला एकाच वेळी स्पर्श होता कामा नये. मग पाय जोडलेलेच ठेवून छोट्या छोट्या उड्या मारत लांब जायचं. ढांग टाकायची नाही. वायर पडलेल्या जागेभोवती जमिनीतही वीज पसरलेली असते, आणि दोन पावलं लांब लांब पडली की ती एका पायातून दुसऱ्या पायात जाते.

पडलेली वायर शांत दिसली तरी जिवंतच समजायची. ओल्या जमिनीवर जास्तच. वीज घरातून गेली असेल तर मेन स्विच बंद करा. खांबावरून असेल तर महावितरणला १९१२ किंवा १८००-२३३-३४३५ वर फोन करा. गाव, रस्ता आणि जवळच्या डीपीची खूण सांगा. कुणाला शॉक बसला असेल तर वीज बंद झाल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. जीव तुटतो, पण एकाला वाचवायला गेलेली दुसरी, आणि तिला वाचवायला तिसरी, असं घडलेलं आपण ऐकलेलं आहे. वीज बंद झाल्यावर १०८ ला फोन. माणूस बरा वाटला तरी दवाखान्यात न्यायचाच. शॉकचा परिणाम हृदयावर मागाहूनही दिसतो.

पुढे आम्ही काय केलं

शेडच्या नावाने अर्ज केला. महावितरणने आमच्या बाजूला एक खांब उभा केला. आता वायर खांबावरून खांबावर रस्ता ओलांडते. त्याच सातवीतल्या मुलीने कागदाचा त्रिकोण लावून मोजलं. वीस फूट. फ्यूजच्या जागी नीट बटणं बसवली. यात गटाची बरीच बचत खर्च झाली हे खरं. पण नऊ दिवसांच्या बुडालेल्या ऑर्डरी, अँगल, भिंत आणि वायर यांचा हिशेब मांडला, तर आधीच नीट केलं असतं तर स्वस्तात पडलं असतं.

मग ग्रामसंघातल्या सगळ्या गटांनी मिळून गावातल्या रस्ता ओलांडणाऱ्या वायरी मोजल्या. चौदा निघाल्या. त्यांतल्या पाच १९ फुटांच्या खाली होत्या. त्यांतल्या दोन लोकांनी स्वतः टांगलेल्या, त्या आम्ही समजावून काढायला लावल्या. तीन महावितरणच्या सर्व्हिस वायरी. त्यांचा लेखी अर्ज दिला, कुठली वायर, कुठला रस्ता, किती उंची, सगळं लिहून, आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घेतली. दोन वर उचलल्या गेल्या. तिसरीसाठी आम्ही अजून जातोय. नाहीच झालं तर जिल्ह्याच्या विद्युत निरीक्षक कार्यालयात अर्ज देणार.

दसरा झाला की टोळ्या यायला लागतील. त्यांच्या गाड्या आपल्या गावांतून, पहाटे, अंधारात जातील, आणि भरलेल्या संसाराच्या वर बाया, पोरं बसलेली असतील. त्यांना आपल्या गावातल्या वायरी माहीत नसतात. आपल्याला माहीत असतात. म्हणून या महिन्याच्या बैठकीत हप्ते, हजेरी झाल्यावर एक विषय जास्तीचा घ्या. कागदाचा एक त्रिकोण करा, टेप घ्या, चौघी जणी बाहेर पडा आणि आपल्या गावातल्या रस्त्यावरच्या वायरी मोजा. आकडे प्रोसिडिंगमध्ये लिहा. १९ च्या खाली असलेल्या वायरीखाली लाल रेघ मारा, आणि पुढच्या बैठकीत पहिला प्रश्न त्याच रेघेचा विचारा.